उसना गारवा

ऐक. फक्त ऐक, मध्ये तोंड उघडू नकोस. तू एकदा "म्हणजे काय गं?" सुरू केलंस की मी तेच समजावत बसते आणि मासे तिथेच राहतात.

गोष्ट आमच्या चंद्रपूरची, उर्वी मारबतेची. पण आधी छपरावरचा पत्रा. तुमच्या रत्नागिरीत तो नाही आणि चालणारही नाही, म्हणून तेवढं सांगून टाकते. कुठलीही गरम वस्तू अंगातली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. तवा टाकतो, भिंत टाकते, तू-मी पण टाकतो. हवा त्यातले बहुतेक किरण अडवते आणि परत आपल्याच डोक्यावर ढकलते. पण त्यातला एक अरुंद पट्टा असा आहे, की तो कोरड्या हवेला अडवताच येत नाही. ते किरण सरळ वर जातात, थेट त्या काळ्याकुट्ट, गारठलेल्या अवकाशात. आभाळाला ठेवलेली खिडकीच म्हण ना! हा पत्रा काय करतो, ऊन आरशासारखं परत फेकतो आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या खिडकीतून बाहेर घालवतो. वीज खात नाही, आवाज करत नाही. भर दुपारी सत्तेचाळीस अंशांत हात लावला तर माठाला लावल्यासारखं वाटतं. त्याच्या पोटाशी बारीक नळ्या, त्यातून एक चिमुकला पंप पाणी फिरवतो, आणि ते गार झालेलं पाणी अंगणात पुरलेल्या ड्रममध्ये साठतं. तेच मग छताखालून फिरवायचं, की खोली गार.

अट एकच. हवा कोरडी हवी. हवेत वाफ भरली, ढग आले, की खिडकीवर पडदा. म्हणून तुम्ही समुद्रवाले कोरडे, म्हणजे ओले, राहिलात, आणि ज्या चंद्रपूरला सगळे भट्टी म्हणायचे, ते गारव्याचं माहेर झालं!

आणि माणसं बघ कशी असतात. गारवा साठवता यायला लागल्यावर तो उसना पण मागायला लागली. विरजण मागतात तसा. "काकू, पाहुणे आले, दोन कॅन गारवा द्या." लग्नात असतात ना ते वीस लिटरचे पाण्याचे कॅन, तेच. आपला गरम कॅन त्यांच्याकडे ठेवायचा, त्यांचा गार आपल्याकडे आणायचा. पाणी तेवढंच राहतं, फक्त ऊब इकडची तिकडे जाते.

तर उर्वी. तिचे बाबा, देवाजी मारबते, जन्मभर तलावावर जाळं टाकलेला माणूस. तलाव आटला, मासेमारांची सोसायटी बंद पडली, आणि बाबा अंगणात बसून पेपरातली कोडी सोडवायला लागले. भाऊ पुण्यात, एकोणिसाव्या मजल्यावर. रोज फोन. "बाबा, या इकडे, तिथे काय ठेवलंय?" बाबा रोज काहीतरी कारण सांगायचे आणि रोज एक कारण कमी व्हायचं.

उर्वी मत्स्यशास्त्र शिकून घरी आली ती हे बघूनच. तिनं मागच्या अंगणात टाकं बांधलं, टाक्याच्या एका कडेला गिट्टी भरलेले उंच वाफे, आणि पत्र्याचं गार पाणी टाक्यापर्यंत आणलं. माशांची घाण गिट्टीत जाते, गिट्टीतले जिवाणू तिचं खत करतात, ते भाजी खाते, आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे. माती नको, रोज नवं पाणी नको. फक्त त्या तिघांचं एकमेकांशी पटायला हवं, कारण मासा, जिवाणू आणि भाजी, तिघांनाही आपापलं तापमान लागतं. थोडक्यात, एकत्र कुटुंबच.

मग प्रश्न आला, मासा कोणता?

उर्वीचं ठरलेलंच होतं. "मरळ टाकू. आपल्याच तलावातला मासा. गरम पाणी चालतं, पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा घेतो. मरता मरत नाही."

बाबा म्हणाले, "नाही. ट्राउट."

उर्वीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आईला मात्र बरोबर ऐकू आलं. ती घरातूनच ओरडली, "आलं! आलं याह्यचं हिमाचल!"

त्याचं काय, की बाबा तरणे असताना हिमाचलात बोगद्याच्या कामावर गेले होते. तिथे बर्फाच्या ओढ्यात त्यांनी एक मासा पाहिला. अंगावर ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. परत आल्यावर त्यांनी तो इतक्या वेळा आणि इतका वाढवून सांगितला, की त्या घरात थापेला थाप म्हणतच नाहीत, हिमाचल म्हणतात.

"बाबा," उर्वी म्हणाली, "ट्राउटला सोळा अंशांचं पाणी लागतं. वीसच्या वर गेलं की तो घाबराघुबरा होतो, पंचवीसला संपला. आपण राहतो कुठे?"

"तूच सांगतलं ना, पत्रा पाण्याले पाह्यजे तेवढं थंडं करते म्हणून?"

"करतो, पण..."

"मग झालं. पोरी, जन्मभर तलावानं जे देलं तेच मी धरलं. पाणी पाहून मासा. आता पह्यल्यांदा असं आलं का मासा पाहून पाणी करता येते. अन् तू म्हणतं पुन्हा मरळच?"

यावर उर्वीकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक, आकड्यांसकट. पण तिनं बाबांचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "बरं, ट्राउट."

"पण एक हाये," बाबा म्हणाले. "हे जर मेले, तर मी जातो पुण्याले. मंग टाकं नाही, जाळं नाही. माशाचं नावच नाही काढत."

हातातलं काम टाकून आई दारात येऊन उभी राहिली होती.

हिवाळ्यात पिल्लं आली, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, विमानानं. आणि अगं, चाललं की! टमाटे आणि वांगी त्या गार पाण्यात रुसून बसली, म्हणून उर्वीनं वाफ्यात पालक, मेथी, कोथिंबीर लावली. जिवाणू गारठ्यात आळशी होतात, म्हणून गिट्टी दुप्पट केली आणि माशांचं खाणं मोजूनमापून. एप्रिल संपता संपता ट्राउट वीतभर झाले. बाहेर डांबर वितळत होतं आणि मारबत्यांच्या अंगणात हिरवीगार कोथिंबीर! बायका भाजी न्यायला यायच्या आणि टाक्याच्या काठावर हात टेकून उभ्याच राहायच्या. एका सकाळी आईनं पाण्यात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मायबाई, खरंच गुलाबी पट्टा हाये." बाबांनी पेपरची घडी केली, आणि त्या दिवशी भाजी नेणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी दोन जुड्या जास्त दिल्या.

आणि मग मे महिन्यात पाणी तापायला लागलं.

सोळाचं सतरा, सतराचं साडेअठरा. आभाळ निळंभोर, हवा कोरडी, शेजाऱ्यांचे पत्रे मस्त चालू, आणि मारबत्यांचाच ड्रम कोमट. उर्वीनं पंप तपासला, नळ्या तपासल्या, जोड तपासले. शेवटी शिडी लावून पत्र्यावर गेली आणि बघतच राहिली. आरशासारखा पत्रा राखाडी झाला होता. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला.

"बाबा! पत्र्यावर काय टाकलंत?"

"काय टाकीन? पाणी."

"पाणी?!"

"सांजच्या वक्ती. थोडंसं. इतकं काम करते दिवसभर तो बिचारा. गच्चीवर नाही का मारत आपण?"

आता तूच सांग, याला काय म्हणायचं! उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्याशिवाय आमच्याकडे माणसाला दिवस संपल्यासारखं वाटत नाही. बाबा महिनाभर रोज प्रेमानं पत्र्याला आंघोळ घालत होते. आमचं पाणी क्षाराचं, आमच्या हवेत कोळशाची धूळ. नुसती धूळ वाऱ्यानं उडून गेली असती, पण पाण्यानं ती बसली, क्षारानं चिकटली, आणि आरशावर राखेचा लेप बसला. ऊन परत फेकायचं सोडून पत्रा ते प्यायला लागला.

उर्वीचं डोकं फिरलं. "एवढं एक कळत नाही? लाख वेळा सांगितलं, पत्र्याला हात लावू नका! माझ्या हातानं केलेलं सगळं तुम्ही..." आणि पुढे बरंच, जे नको होतं ते. बाबा शिडीचा पाय धरून उभे होते. ती उतरेपर्यंत त्यांनी शिडी सोडली नाही, आणि मग आत गेले.

चिंचेच्या पाण्यानं तिनं पत्रा घासून काढला, तांब्याची भांडी घासतात तसा. पत्रा लखलखला. उर्वीनं घाम पुसत वर बघितलं. पूर्वेकडून ढग येत होते.

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं. आमच्याकडे पाऊस नाही पडला, नुसती ढगांची जाड गोधडी आणि चिकचिक. तोच पडदा, ज्याचं मी मघाशी सांगितलं. गावातले सगळे पत्रे मुके झाले. पण इतरांचे ड्रम आधीचे भरलेले होते, खोल्यांचे अजून दोन-तीन दिवस निघाले असते. मारबत्यांचा ड्रम रिकामा. म्हणजे पाणी होतं, गारवा नव्हता. टाकं एकोणीसवर गेलं, मग वीसवर. आईनं अडगळीतला जुना कूलर काढून टाक्याकडे तोंड करून लावला, पण दमट हवेत कूलर काय करणार, अजून चिकचिक.

एकवीस झालं तेव्हा उर्वीनं जाळं काढलं.

"बाबा, आज धरू. आज ताजे आहेत, विकले जातील. उद्या मेलेले काढावे लागतील."

बाबा टाक्याच्या काठावर बसले होते. ट्राउट तळाशी दाटीनं, कल्ले भराभर हलवत. "धर," ते म्हणाले. "तुले जे बरोबर वाटते ते कर. मी तं बिघडवूनच ठेवलं."

आणि उठून कपाटावरची बॅग काढायला गेले. पुण्याची.

उर्वी जाळं हातात घेऊन उभी. शहाणपणाचं काय ते तिला माहीत होतं. मासे धरायचे, मरळ टाकायची, मोकळं व्हायचं. पण आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तिनं जाळं भिंतीला टेकवलं आणि रिकामा कॅन उचलून तरातरा शेजारी, वैरागडे काकूंकडे गेली.

"काकू, गारवा पाहिजे."

"घे ना. किती?"

"जेवढा आहे तेवढा."

काकूंनी कपाळाला हात लावला. "पाहुणे आले का वरात?"

"बाबांचे ट्राउट."

काकूंनी एकदा आत वळून बघितलं. त्यांची मुलगी स्नेहल बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात पंधरवड्याचं बाळ. तरी म्हणाल्या, "दोन घे. अन् हे पाह्य, एकटी कायले फिरतं? चल, मी येतो संगं."

काकू संगं आल्या म्हणजे काय, सगळी गल्ली आली! "देवाजीच्या माशाले ताप आला, गारवा काढा रे!" समोरचे निमजे काका म्हणाले, "मी देतो, पण माह्या नावाचा मासा कोणता ते दाखवून ठेव." कोणी म्हणे कोथिंबीर खाल्ली आता फेडा, कोणी म्हणे मासे गार अन् आम्ही उकडून मरू. पण कॅन निघाले. सायकलवर, डोक्यावर, पोरांच्या ढकलगाडीवर. गरम कॅन ठेवायचा, गार आणायचा. उर्वीनं ते बंदच्या बंद टाक्यात सोडले, म्हणजे पाण्यात पाणी मिसळत नाही, क्षार-क्लोरीन जात नाही, फक्त ऊब कॅनमध्ये शिरते. संध्याकाळी टाकं एकोणीसवर आलं. खोल्यांतला गारवा देऊन टाकल्यामुळे सगळे लोक गच्चीवर झोपायला निघाले. वर्षानुवर्षं बंद दारांआड राहिलेली माणसं या गच्चीवरून त्या गच्चीवर ओरडत होती, "झोपला का गा?" बॅग बाहेरच्या खोलीत तशीच होती. भरलेली पण नाही, रिकामी पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं, तारा तुटल्या, वीज गेली. टाक्याचा पंप बंद. ढग तसेच.

आणि आता नीट ऐक, खरी गोष्ट इथे आहे.

भर दुपारी उर्वी एकटीच टाक्याजवळ होती. काकू मधल्या भिंतीशी आल्या. त्यांच्या ड्रममधला उरलासुरला गारवाही संपला होता. त्यांनी टाक्यात तरंगणाऱ्या कॅनकडे बघितलं. त्यांच्या घरातून बाळाचं रडणं येत होतं, बाळं थकल्यावर रडतात ना तसं, तुटक तुटक. काकूंनी तोंड उघडलं, परत मिटलं, पदरानं मान पुसली आणि काही न बोलता आत गेल्या. उर्वी गिट्टीच्या वाफ्यामागे होती, ती काकूंना दिसली नाही. बाबा आत होते, आई आत होती. हे फक्त उर्वीनं बघितलं.

टाकं वीसवर होतं. कॅन अजून गार होते. ते काढले तर दुपारभरात पाणी तेविसावर जाणार, पंपाशिवाय. तिचं गणित झालं होतं. आणि काकूंनी काही मागितलं नव्हतं.

उर्वी घरात गेली. "बाबा, बाळाला उकडतंय. काकू येऊन गेल्या. मागितलं नाही त्यांनी."

बाबा उठले, लुंगी खोचली आणि सरळ टाक्यात उतरले. काकूंचे दोन नाही, सगळे कॅन बाहेर काढले, एकामागून एक, भिंतीवरून पलीकडे दिले. "घ्या हो. आधी लेकरू." काकूंच्या ड्रममध्ये ते रिकामे केले, वैरागडे काका आणि निमजे काकांनी गल्लीतल्या एकुलत्या सुट्या हातपंपानं ते पाणी छतातून फिरवलं, आणि बाळाची खोली गार झाली. मारबत्यांचं टाकं तापत चाललं.

"संपलं," बाबा म्हणाले, पाण्यातच उभे राहून.

"नाही संपलं," उर्वी म्हणाली. "बाबा, तलावावरून पिल्लं हंड्यात घालून आणायचात, तेव्हा वाटेत काय करायचात?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "हात मारायचो पाण्यावर. थाप थाप. सारी वाट."

"का?"

"का म्हणजे? नाही तं मरते."

"मासा उष्णतेनं नंतर मरतो बाबा, आधी गुदमरतो! पाणी तापलं की त्यात प्राणवायू मावत नाही, आणि माशाला तर तेव्हाच जास्त लागतो. पाणी गार करणं आपल्या हातात नाही. हवा मिसळणं आहे. मारा हात!"

आणि बाबांनी हात मारला. दोन्ही तळवे, पाण्यावर, थाप थाप थाप. उर्वी दुसऱ्या काठाला. आईनं बादली घेतली, उंचावरून धार धरली. आवाज ऐकून गल्ली आली. निमजे काका म्हणाले, "काय भजन लावलं का देवाजी?" आणि बाह्या सरसावून बसले. पोरं तर काय, पाण्यावर हात आपटायला कोणी सांगतंय म्हटल्यावर! पाळ्या लागल्या. हात लाल झाले. तेवीस झालं. तेविसाच्याही थोडं वर. चार मासे उलटे झाले, पाचवा होता होता सावरला. काकू बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीशी उभ्या होत्या, आणि बाळ त्या सगळ्या थापथापीत गाढ झोपलं होतं.

"थांबू नका," उर्वी ओरडत होती. "कोणी थांबू नका!"

दिवस कलायला आला आणि वारं फिरलं. पश्चिमेचं, कोरडं, ओठ फुटतील असं. ज्या वाऱ्याला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या, तोच वारा! ढगांची गोधडी एका कडेनं उसवली, मग सरकतच गेली. उर्वी ओल्या कपड्यांनी शिडी चढली आणि घासून लखलखीत केलेल्या पत्र्यावर तिनं तळहात ठेवला.

"बाबा," ती वरून ओरडली. "बाबा, गार आहे!"

तारा जोडायला माणसं आली तेव्हा अख्ख्या गल्लीनं त्यांना चहाऐवजी हातपंपावर बसवलं. नळ्यांतून पाणी धावलं. तेवीस. बावीस. वीस झालं तेव्हा निमजे काका नाचले, मी खोटं नाही सांगत, टाक्याच्या काठावर नाचले आणि पडले आत! अठरा झालं तेव्हा ट्राउट तळावरून सुटे झाले, एकानं पाण्याबाहेर उडी मारली, ठिपके, गुलाबी पट्टा, सगळं एका क्षणात, आणि आई किंचाळली, "पाह्यलं का? पाह्यलं का सगळ्याईनं?"

भावाचा फोन आला तेव्हा बाबांचे हात सुजलेले, फोन आईनं कानाला धरला. "नाही गा," बाबा म्हणाले, "मी नाही येत. मले काम हाये. तूच ये. पांघरूण घेऊन येजो, इकडे लय गारठा हाये." आणि इतके हसले की ठसका लागला.

आता आमच्या गल्लीत नऊ टाकी आहेत. कोणाकडे ट्राउट, कोणाकडे मरळ, ज्याला जे आवडेल ते. ढग आले की गारवा एकत्र करतात. कुठे द्यायचा ते बाबा ठरवतात, आणि बाबांना कोणी विचारत नाही की असं का.

पण मला सांग. उर्वीनं हे काकूंना अजून सांगितलेलं नाही, की त्या दुपारी तिनं त्यांना बघितलं होतं. ती वाफ्यामागे उभी होती, कोणाला दिसत नव्हती. बाबांची बॅग बाहेरच्या खोलीत. बाळ रडत होतं, पण बाळं रडतातच. काकूंनी मागितलं नव्हतं. एक तास गप्प बसली असती तर कोणालाही, कधीही कळलं नसतं. तेव्हा तिला वारं फिरणार हेही माहीत नव्हतं.

आता बोल. त्या वाफ्यामागे तू असतीस, तर तू काय केलं असतंस?